"असले आजार आमच्यात नसतात"

(वाचकांचे प्रश्न, त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ डॉक्टरांची उत्तरे. पत्रलेखकांच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

या खेपेच्या टपालातली निम्मी पत्रं गेल्या अंकातल्या उत्तरामुळे आली आहेत. त्यात हैदराबाद रोडवर गाडी चालवणाऱ्या एका वाचकाने परम्याबद्दल, म्हणजे गनोरियाबद्दल, विचारलं होतं आणि मी जरा सविस्तर लिहिलं होतं. काहींनी आभार मानले, काहींनी कान उपटले. सुरुवात कान उपटणाऱ्या पत्रापासूनच करते.

प्रश्न : आमच्या घरी हे मासिक सासूबाईंच्या काळापासून येतं. पाककृती, देवदर्शन, आरोग्य सगळं वाचतो. पण मागच्या अंकात तुम्ही एका ट्रक ड्रायव्हरच्या घाणेरड्या दुखण्यावर अर्धं पान खर्च केलंत. माझी कॉलेजात जाणारी नात तेच पान उघडून बसली होती. असले आजार बाहेरख्याली पुरुषांना आणि तसल्या वस्तीतल्या बायकांना होतात. ते त्यांचं त्यांनी बघावं. आमच्यासारख्या घरांत हे नसतं, मग आमच्या माथी कशाला?
– एक ज्येष्ठ वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काकू, नात वाचत होती हे वाचून मला तर बरं वाटलं. रागावू नका. पण 'आमच्यासारख्या घरांत हे नसतं' हे वाक्य मी दवाखान्यात नेहमी ऐकते, आणि ते म्हणणाऱ्याचा रिपोर्ट बऱ्याचदा माझ्या टेबलावर पडलेला असतो.

एक गृहस्थ सांगते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारे. कपाळाला अष्टगंध, खिशाला दोन पेनं. दोन्ही तळहातांवर तांबूस डाग उठलेले. "डाइंगच्या रंगाची ॲलर्जी आहे, मॅडम, एक मलम द्या," असं निदान घरूनच करून आले होते. खाज येते का विचारलं, तर नाही म्हणाले. चप्पल काढायला लावली. तळपायालाही तसेच डाग. आता हिशेबनीस माणूस रंगाच्या हौदाजवळ जातो कधी, आणि गेला तरी बुटातल्या तळपायाला रंग लागतो कसा? तळहात आणि तळपायावर एकदम बिनखाजेचे डाग दिसले की आमच्या धंद्यातला माणूस आधी रक्ताची व्हीडीआरएल तपासणी लिहून देतो. ती पॉझिटिव्ह आली. उपदंश. जुनी माणसं गरमी म्हणतात, तेच.

खोदून विचारल्यावर आठवलं. दोनेक महिन्यांपूर्वी 'तिथे' एक फोड आला होता. दुखत नव्हता, म्हणून अंगावर काढला. मेडिकलमधून मलम आणलं आणि गेला. मलमाचा त्यात काही हात नव्हता. उपदंशाची पहिली जखम दुखतच नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपली आपण भरून येते. जंतू मात्र अंगात मुक्कामाला राहतात.

मग पत्नीला बोलावलं. बाई बाजार आणि सिद्धेश्वराचं दर्शन सोडलं तर उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या. अंगावर डाग नाही, कसली तक्रार नाही. रक्त पॉझिटिव्ह. नवऱ्याची लागण ताजी, म्हणून त्यांचं बेन्झाथिन पेनिसिलिनच्या 24 लाख युनिटच्या एका डोसात भागलं. बाईंची कधीची ते सांगता येईना, म्हणून त्यांना आठवड्याला एक असे तीन डोस घ्यावे लागले. बाई मला एवढंच म्हणाल्या, "मी काय केलं होतं, डॉक्टर?" त्यांचं घर कुठल्या वस्तीत धरायचं, काकू?

आता ज्या बायकांबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यांच्याविषयी. धंदा करणाऱ्या बायकांसाठी सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात संस्था काम करतात. तिथे नाव नोंदवलेल्या बाईची दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि दर सहा महिन्यांनी उपदंशाची आणि एचआयव्हीची रक्ततपासणी व्हावी, अशी पद्धत आहे. कंडोम मिळतात, कार्यकर्त्या घरी येऊन आठवण करून देतात. लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरांसाठीही असंच काम चालतं. म्हणजे आपल्या अंगात काय आहे नि काय नाही, हे त्यातल्या कित्येकींना तारखेनिशी ठाऊक असतं. आपल्या ओळखीतल्या किती घरांना ठाऊक असतं? बाळंतपणाच्या वेळी झालेली रक्ततपासणी सोडली, तर आपल्याकडच्या बाईला हे कोणी कधी विचारतच नाही.

आजार कोणाला आहे आणि दवाखान्याची पायरी कोण चढतो, यात मोठा फरक आहे. पू येणारा, लघवीला आग होणारा पुरुष लवकर येतो, कारण परमा त्याला गप्प बसू देत नाही. संबंधानंतर दोन ते सात दिवसांत बहुधा त्रास सुरू होतोच. तरी आमच्या गावच्या उन्हाने पुष्कळांना निमित्त पुरवलंय. एप्रिल-मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकला की सगळेच म्हणतात, उन्हाळी लागली. धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक असं आठ दिवस चालतं. उन्हाळी लागल्याने चड्डीवर पिवळे डाग पडत नाहीत, एवढं या निमित्ताने लिहून ठेवते.

बायका येतात त्या वेगळ्याच दारांनी. परमा आणि क्लॅमिडिया (हाही संबंधातूनच लागणारा जंतूंचा आजार) यांचा निम्म्याहून जास्त बायकांना सुरुवातीला काही त्रासच होत नाही. त्या येतात दोन-चार वर्षांनी, 'मूल राहत नाही' म्हणून, तेही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. तोवर गर्भनलिका चिकटलेल्या असतात. किंवा येतात गरोदरपणी, पहिल्या तपासणीला उपदंश निघाला म्हणून. त्यातल्या त्यात ही वेळ बरी. गरोदर बाईला वेळेवर पेनिसिलिन मिळालं की पोटातलं मूलही वाचतं. नाही मिळालं तर मूल पोटातच दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्माला येतं. म्हणून ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची करायची असते. घर कुठलं, नवरा कसला, हे न विचारता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 सालचा अंदाज काढला होता. परमा, क्लॅमिडिया, उपदंश आणि ट्रायकोमोनास या चार आजारांच्या, जे चारही औषधाने पूर्ण बरे होतात, त्यांच्या 15 ते 49 वयाच्या माणसांत जगभर 37 कोटी 40 लाख नव्या लागणी. इतके बाहेरख्याली लोक आणायचे कुठून?

आणि लाज म्हणाल तर ती सगळ्यांना सारखीच. माझ्या पाटीवर 'त्वचारोगतज्ज्ञ' एवढंच ठळक आहे, पुढचं बारीक. लोक गजकर्ण दाखवायला म्हणून येतात, केस गळण्याचं विचारतात, प्रिस्क्रिप्शन घेऊन उठतात, आणि दाराच्या कडीला हात लावल्यावर म्हणतात, "मॅडम, अजून एक होतं." शिवाय गावचा माणूस गावात दाखवत नाही. सोलापूरचा पेशंट पहाटे हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जातो, आणि विजापूर, गुलबर्ग्याचा माणूस एसटी बदलत माझ्याकडे येतो. वाटेत दोघांची गाठ पडत नाही, एवढंच.

नातीला पुढचाही अंक वाचू द्या. जमलं तर तिला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या एचपीव्ही लसीबद्दल विचारा. तो विषाणूही याच वाटेने पसरतो आणि लस आधी घेतलेली चांगली.

प्रश्न : वय 22. एमपीएससीची तयारी करतो, रूमवर राहतो. मला धातूचा त्रास आहे. झोपेत जाते, कधी शौचाच्या वेळी पण जाते. हायवेच्या कडेला तंबूत एक वैद्य होता, त्याने नाडी बघून सांगितलं की गुप्तरोग आहे, आत्ता नाही केलं तर लग्नानंतर उपयोग नाही. त्याला साडेतीन हजार दिले. घरून मेसचे आले होते ते. फरक नाही. मी कधी कुणासोबत गेलेलो नाही, तरी एड्सची टेस्ट करू का? अभ्यासात लक्ष लागत नाही.

उत्तर : तुझ्या वयाचा माझा भाचा आहे, म्हणून अरे-तुरे करते. तुला आजार नाही. जो कधी कुणाबरोबर गेला नाही, त्याला संबंधातून लागणारा आजार कुठून लागेल? झोपेत वीर्य जाणं हे या वयात होतंच. शौचाला जोर लावताना चार थेंब येणं हेही तसंच. त्याने ताकद जात नाही, हाडं झिजत नाहीत आणि लग्नानंतर काही बिघडत नाही. नाडीवरून गुप्तरोग कळला असता तर आम्ही एवढी वर्षं प्रयोगशाळा कशाला चालवल्या असत्या?

एचआयव्हीची तपासणी तुला गरजेची नाही. तरी मनातून जात नसेल तर सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते, करून टाक आणि विषय संपव. झोप येत नाही, छातीत धडधडतं, पुस्तक उघडलं की हेच आठवतं, असं महिनाभर चाललं असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाला भेट. त्यात वेडं असण्याचा काही संबंध नाही. आमच्या बाकावर तुझ्यासारखे, ज्यांना काही झालेलं नाही असे, कितीतरी बसलेले असतात आणि ज्यांना झालंय ते घरी. मेसचे पैसे गेले ते गेले. त्या तंबूत 'उरलेला कोर्स' घ्यायला परत जाऊ नकोस.

प्रश्न : मॅडम, मी विड्या करते, हे लूमवर आहेत. मुलीकडून लिहून घेते आहे, ती सातवीत आहे, म्हणून सगळं लिहिता येत नाही. ह्यांना दिवाळीत खाली जळजळ होती. मेडिकलवाल्याला सांगून गोळ्या आणल्या, आठ दिवसांत बरं झालं. नंतर मला अंगावरून पांढरं जायला लागलं, वास येतो. आता ओटीपोट दुखतं, कंबर भरून येते, विड्याला बसवत नाही. हे म्हणतात तुझ्यात उष्णता आहे. सिव्हिलला जाऊ म्हटलं तर आमच्या गल्लीतल्या बायका तिथे असतात. काय करू सांगा की.
– अशोक चौकाजवळून

उत्तर : बाई, हे पुढचं मुलीला वाचायला लावू नका. एखाद्या मोठ्या बाईकडून वाचून घ्या.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मला एकत्र वाचाव्या लागल्या. आधी मालकांना जळजळ, मग तुम्हाला त्रास. पांढरं जाणं दर वेळी नवऱ्याकडून आलेलं असतं असं नाही. बुरशीने होतं, साखर वाढल्याने होतं, नुसता आतल्या जंतूंचा तोल बिघडला तरी वास येतो. पण वास, ओटीपोटात दुखणं, आणि आधी मालकांचं ते दुखणं, हे तिन्ही मिळून पाहिलं तर आतल्या पिशवीला, नळ्यांना सूज आली असावी अशी शंका येते. हे अंगावर काढायचं दुखणं नाही. याच आठवड्यात जा. ताप आला, उलट्या झाल्या, पाळी चुकलेली असेल आणि दुखणं एकाच बाजूला असेल, किंवा चक्कर आली, तर आठवड्याचीही वाट बघू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी जा.

सिव्हिलला केस पेपर काढताना कारण म्हणून 'पोटात दुखतं' एवढंच सांगा. तेवढं खरंच आहे. आत गेल्यावर 'सुरक्षा क्लिनिक' विचारा, किंवा सरळ स्त्रीरोग विभागात जा. सुरक्षा क्लिनिक या आजारांसाठीच असतं, औषधं फुकट मिळतात. गल्लीतल्या बायका भेटल्या तर भेटू देत. त्या तिथे कशासाठी आल्यात हे त्या तरी कुठे तुम्हाला सांगतील? मराठीत बोलायला अडचण वाटली तर तेलुगूत बोला, सोलापूरच्या दवाखान्यात तेलुगू समजणारी एखादी सिस्टर भेटतेच.

डॉक्टर विचारतील: पाळी कधी आली, तांबी बसवली आहे का, मालकांना काही होतं का. तिसऱ्या प्रश्नाला खोटं बोलू नका. तपासताना दोन मिनिटं अवघड वाटेल, सिस्टर शेजारी उभी राहील. तिथे औषधांची पाकिटं रंगावरून ओळखतात. पांढरं जाण्यासाठी हिरवं, ओटीपोटाच्या सुजेसाठी पिवळं. पिवळ्यातल्या गोळ्या साधारण दोन आठवडे चालतात. आठव्या दिवशी बरं वाटतं आणि बायका उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून देतात, दुसरीला लागतील म्हणून. तसं करू नका. दिवस गेले असण्याची थोडी जरी शंका असेल तर गोळी घेण्याआधी सांगा, त्यातली एक गोळी गरोदरपणात चालत नाही.

आता मालकांचं. त्यांना बरं वाटलं म्हणजे बरे झाले असं नाही. मेडिकलवाल्याने अंदाजाने दिलेल्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी पू थांबतो, जंतू थांबत नाही. परम्याचा जंतू तर एकेक औषध पचवत चाललाय, जगभराचे डॉक्टर त्याने हैराण आहेत. तुम्ही एकट्यांनी कोर्स केलात आणि त्यांनी नाही, तर महिन्याभरात पुन्हा तेच. म्हणून दवाखान्यात त्यांच्यासाठीही चिठ्ठी मागा. ती चिठ्ठी दाखवली की त्यांना फार काही सांगावं लागत नाही. दोघांचे कोर्स होईपर्यंत आणि त्यानंतरही आठवडाभर जवळ यायचं नाही. त्यांना आणि तुम्हालाही या गोळ्यांवर दारू, शिंदी अजिबात चालणार नाही, पोटात ढवळून उलट्या होतात. दोघांनी उपदंशाची आणि एचआयव्हीची रक्ततपासणी एकदाच करून घ्या.

ते येणार नाहीत म्हणाले तर? बऱ्याच जणी मला हेच विचारतात. भांडणाला बसू नका. "डॉक्टरांनी बोलावलंय, माझ्या पोटाच्या औषधासाठी तुमचं रक्त लागतंय" एवढं सांगून बघा. मी स्वतः या वाक्याने कितीतरी नवरे दवाखान्यात आणवले आहेत, आणि त्यात खोटं काही नाही. तेही नाही जमलं आणि त्यांनी हात उगारला, तर क्लिनिकमधल्या समुपदेशक बाईंना सांगा. आणि 'उष्णता' हा शब्द कोणी काढला तर ऐकून घ्या, पण त्यासाठी दवाखाना पुढे ढकलू नका.

प्रश्न : वय 61. पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली. पुढच्या कातडीला चिरा पडतात, खाज, लालसर. मागे एकदा पाय घसरला होता, त्याचीच ही फळं असावीत. या वयात कोणत्या तोंडाने डॉक्टरकडे जाऊ?

उत्तर : आहे त्याच तोंडाने, आणि सकाळी उपाशीपोटी जा, म्हणजे साखरही तपासून होईल. तुमच्या वयाचे गृहस्थ हे दुखणं घेऊन आले की मला आधी मधुमेहाची शंका येते. पुष्कळांची साखर अशीच पहिल्यांदा पकडली जाते. साखर आटोक्यात आली आणि बुरशीचं मलम नीट लावलं की चिरा भरतात. स्टिरॉइड मिसळलेली मलमं मेडिकलमधून आणून चोळू नका. घसरल्याचं म्हणाल, तर व्हीडीआरएल आणि एचआयव्ही दोन्ही करून घ्या. वयाची त्याला आडकाठी नाही. आणि झालं ते डॉक्टरांना एका वाक्यात सांगून मोकळे व्हा, आम्ही याहून अवघड ऐकलेलं असतं.

प्रश्न : लग्न झालेलं आहे, एक मुलगा आहे. माझे पुरुषांशीही संबंध आहेत, हे कुणालाच माहीत नाही. गुदद्वाराशी दुखतं, चिकट स्राव येतो. एका डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून औषध दिलं, मी पुढे काही बोललो नाही. सांगितलं तर पोलिसांत देतील का? घरी कळवतील का?

उत्तर : पोलिसांत कोणी देणार नाही. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध हा गुन्हा राहिलेला नाही. त्यानंतर चारच दिवसांनी, 10 सप्टेंबरला, 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट वाटेल त्याला सांगत सुटता येत नाही.

सांगायला हवं ते वेगळ्या कारणासाठी. नाही सांगितलं तर डॉक्टर मूळव्याधच बघत बसतील. परमा आणि क्लॅमिडिया गुदद्वारात आणि घशातही होतात, तिथला स्राव घेतल्याशिवाय सापडत नाहीत, आणि लघवी तपासली तर ती स्वच्छ येते. तेव्हा "माझे पुरुषांशी संबंध आहेत, तिथलीच तपासणी करा" असं स्पष्ट म्हणा. कपाळाला आठ्या पडल्याच तर डॉक्टर बदला; सोलापुरात दुसरे आहेत. ओळखीचं कोणी भेटेल ही भीती असेल तर आधी 1097 वर फोन करा. ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन फुकट, नाव सांगावं लागत नाही, आणि जवळचं केंद्र सांगतात.

एचआयव्ही आणि उपदंश आत्ता तपासा आणि आत्ता निगेटिव्ह आले तरी शेवटच्या संबंधानंतर तीन महिन्यांनी एकदा पुन्हा. पुढे कधी कंडोम फाटला किंवा नव्हताच, तर 72 तासांच्या आत मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचा, 28 दिवसांच्या गोळ्यांनी एचआयव्हीची लागण टाळता येते. जितकं लवकर तितकं बरं, तिसऱ्या दिवसापर्यंत विचार करत बसू नका.

आणि पत्नी. तुमचं निदान होईपर्यंत त्यांच्याबरोबर कंडोमशिवाय नको. काही निघालं तर त्यांचीही तपासणी लागेल, तुमच्याइतकीच तातडीने. सगळं आयुष्य उलगडून सांगायचं की नाही, हा तुमचा निर्णय. पण त्यांचं औषध तुमच्या संकोचापायी अडता कामा नये. कसं सांगायचं हे आयसीटीसीतले समुपदेशक तुमच्याबरोबर बसून ठरवतात, त्यांचं ते रोजचं काम आहे. हेपॅटायटिस-बीची लस झालेली नसेल तर दोघंही घ्या, तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी.